गेम कन्सोल रंगवताना कोणता रंग निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावर पडलेला प्लेस्टेशन २ असो, कोणाकडून तरी घेतलेला गेमबॉय असो किंवा पांढऱ्या पट्ट्यांचा नवा प्लेस्टेशन ५, रंगवायची हौस आली की पहिला प्रश्न शेडचा येतो: काळा की निळा, मॅट की चकचकीत? माझं म्हणणं असं, की शेड सगळ्यात शेवटी ठरवा. आधी प्लॅस्टिक कोणतं ते पाहा, मग त्या भागाला हात किती लागणार ते पाहा, आणि मग अस्तर (प्रायमर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हे तिन्ही एकत्रच निवडा. खालची सगळी उत्तरं याच क्रमाला धरून आहेत.

थोडक्यात सांगा, कोणता रंग घेऊ?

शेल, म्हणजे बाहेरचं कवच, एबीएस प्लॅस्टिकचं असेल, आणि बहुतेक कन्सोलचं ते असतंच, तर स्प्रे कॅनमधलं अ‍ॅक्रिलिक लॅकर घ्या. खाली प्लॅस्टिकवर चालणारं अस्तर, वर क्लिअरचे हात. टीव्हीखाली ठेवायच्या कन्सोलला साधं अ‍ॅक्रिलिक क्लिअर पुरतं. तासन्‌तास हातात राहणाऱ्या कंट्रोलरला किंवा गेमबॉयला ते पुरत नाही, तिथे टू-के क्लिअर लागतं, म्हणजे हार्डनर (कडक करणारं रसायन) मिसळलेलं, दोन घटकांचं क्लिअर. ते वापरायचं तर सुरक्षेची तयारी आधी हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, तो भाग वाचल्याशिवाय टू-केचा डबा विकत घेऊ नका.

माझ्या कन्सोलचं प्लॅस्टिक कोणतं, हे कसं कळणार?

शेल उघडून आतल्या बाजूला पाहा. साच्यातच उमटवलेली खूण बऱ्याचदा सापडते: दोन कोनी कंसांमध्ये ‘एबीएस’, ‘पीसी’, ‘पीसी+एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. एबीएस रंग उत्तम धरतं. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. तेही रंग धरतं, पण जहाल सॉल्व्हंट लागलं तर त्याला बारीक तडे जातात. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याचा पृष्ठभाग इतका निसरडा असतो की साधा रंग सुकल्यावर नखाने सोलून निघतो.

खूण नसेल तर सुटा भाग, उदाहरणार्थ बॅटरीचं झाकण, पाण्यात टाकून पाहा. पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने तरंगतं, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही तरंगतो, म्हणून आधी बोटाने पाण्याखाली दाबून बुडबुडे सोडवा. आणखी खात्री हवी असेल तर आतल्या, कोणाला न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोनचा एक ठिपका लावा. एबीएस लगेच मऊ, चिकट होतं. पॉलिप्रोपिलीनला काहीच होत नाही.

पॉलिप्रोपिलीन निघालंच, तर गाडीच्या बंपरसाठी मिळणारं प्लॅस्टिक प्रायमर आधी मारावं लागतं, कारण बंपरही बहुतेक त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना रंग पुरवणाऱ्या कोणत्याही दुकानात ते मिळतं. एबीएसवर त्याची गरज नाही.

लॅकर, इनॅमल, पीयू, वॉटर-बेस्ड… यांत नेमका फरक काय?

लॅकरमधलं सॉल्व्हंट उडून गेलं की रंग सुकला. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे थर एकजीव होतात. एबीएसलाही हे सॉल्व्हंट अगदी हलकंसं खातं आणि म्हणूनच पकड चांगली बसते. हाच गुण अति झाला की दोष होतो. एकदम ओला, जाड हात मारला तर सॉल्व्हंट प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि स्क्रूच्या खांबांपाशी, क्लिपांच्या मुळाशी, म्हणजे जिथे प्लॅस्टिकवर आधीच ताण असतो तिथे, केसासारख्या चिरा पडतात. म्हणून पहिला हात नेहमी विरळ, धुक्यासारखा. प्लॅस्टिक दिसत राहिलं तरी चालेल.

इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होतं. त्याला वेळ लागतो, आणि मधल्या काळात ते अडचणीचं असतं. पहिला हात अर्धवट कडक झालेला असताना दुसरा मारला की नवं सॉल्व्हंट खालच्या सायीला फुगवतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणून अनेक इनॅमल कॅनवर ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर पुढचा हात’ अशा अर्थाची सूचना असते. डब्यानुसार आकडे बदलतात, ते वाचा आणि तंतोतंत पाळा. इनॅमलवर लॅकर मारू नका, हमखास सुरकुततं. उलट क्रम, म्हणजे पूर्ण सुकलेल्या लॅकरवर इनॅमल, चालून जातो.

टू-के पीयूमध्ये (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन) रंग किंवा क्लिअर आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होते. तयार झालेला थर पुन्हा सॉल्व्हंटमध्ये सहज विरघळत नाही, घाम आणि तेलाला दाद देत नाही. गाड्यांवर हेच असतं. घरच्या हौसेसाठी मिळणारा हा सगळ्यात टणक थर आहे, आणि फुफ्फुसांना सगळ्यात घातकही हाच.

वॉटर-बेस्ड मॉडेल अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच्या विमानांच्या आणि गनप्लाच्या (गंडम रोबोंच्या मॉडेलच्या) हौशी मंडळींचे रंग, एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने, सुंदर बसतात. शेड भरपूर मिळतात, वासही कमी. पण त्यांची पकड लॅकरइतकी नसते. अस्तर आणि क्लिअर यांच्यामध्ये सांभाळून ठेवलेला थर म्हणूनच ते वापरावेत. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ हवा, आणि ०.३ मिमी नोझलला साधारण १५ ते २० पीएसआय दाब पुरतो.

हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट ब्रशने लावला तर?

नको. दरवाजे-खिडक्यांसाठी तो चांगला आहे. कन्सोलवर थर जाड बसतो, ब्रशच्या रेघा राहतात, कोपऱ्यांत साचतो, अक्षरं आणि जाळ्या बुजतात, आणि पांढरा रंग काळाच्या ओघात पिवळसर होतो. कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी नको.

कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक रंग घरात आहेत, ते?

मोठ्या पृष्ठभागासाठी नाही. चित्रकलेचं अ‍ॅक्रिलिक सुकल्यावरही काहीसं रबरी राहतं आणि उकाड्यात हाताला चिकटतं. मात्र शेलवर कोरलेली अक्षरं आणि बटणांच्या बाजूची छोटी चिन्हं भरायला ते फार छान आहे: खोलगट भागात रंग भरायचा, वरचा जादाचा भाग किंचित ओल्या कापडाने पुसायचा, आणि सुकल्यावर वरून क्लिअरचा विरळ हात.

इथे मिळणारे स्वस्त कॅन घ्यावेत की बाहेरून येणारे महागडे?

अबरो, कॉसमॉस, एशियन पेंट्सचा ईझीक्रिएट हे कॅन आपल्याकडे सहज मिळतात. त्यांतले काही अ‍ॅक्रिलिक असतात, काही इनॅमल. ब्रँडच्या नावावरून काही ठरवू नका, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ४०० मिलीच्या डब्यात एक अख्खा कन्सोल सहज होतो. मोठ्या, सपाट शेलला हे कॅन काम भागवतात. त्यांचा कमकुवतपणा नोझलमध्ये असतो: थेंब मोठे पडतात, त्यामुळे गेमबॉयसारख्या लहान वस्तूच्या कडा आणि खाचा भरून जातात.

जपानच्या तामिया कंपनीचे टीएस मालिकेतले कॅन १०० मिलीचे आणि महाग, पण फवारा इतका बारीक की हँडहेल्डसाठी, म्हणजे गेमबॉयसारख्या हातात धरायच्या कन्सोलसाठी, मी दुसरं काही सुचवणार नाही. खरेदी करताना एक घोळ टाळा. त्याच कंपनीची पीएस मालिका फक्त पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक बॉडीसाठी आहे, रिमोटच्या गाड्यांना ती आतून मारतात. एबीएसवर पीएस नको, आणि लवचीक पॉलिकार्बोनेटवर टीएस नको. दोन्हींची झाकणं ओळीने ठेवली की दिसायला सारखीच, म्हणून मालिकेची अक्षरं पाहून घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, अस्तरात आणि क्लिअरमध्ये नको.

अस्तर मारलंच पाहिजे का? डब्यावर ‘थेट प्लॅस्टिकवर चालतो’ असं लिहिलंय.

रंग प्लॅस्टिकवर थेट बसेलही. तरी अस्तर मारावं, आणि त्याची कारणं पकडीपुरती नाहीत. घासलेल्या जागेतले ओरखडे, साच्याची शिवण, भरलेली लांबी (पुट्टी) हे सगळं राखाडी अस्तराचा एक हात मारला की उघडं पडतं, आणि तेव्हाच दुरुस्त करता येतं. शिवाय वरच्या रंगाचं तेज अस्तरावर ठरतं. पिवळा, लाल, नारिंगी हे रंग झाकायला कमी असतात, त्यांना पांढरं अस्तर लागतं. राखाडीवर तेच रंग मळकट दिसतात आणि मग हातांवर हात चढवून थर जाड होतो. चांदी किंवा इतर मेटॅलिक शेडखाली चकचकीत काळा बेस खुलतो.

घासायचं किती? कोणत्या नंबरचा पेपर?

वॉटर पेपर घ्या आणि पाणी लावूनच घासा. मूळ शेल चांगल्या स्थितीत असेल तर ६०० ते ८०० नंबर पुरतो. फक्त चमक घालवायची आहे, प्लॅस्टिक झिजवायचं नाही. खोल ओरखडा असेल तर ४०० पासून सुरुवात करून ८०० पर्यंत या. अस्तर सुकल्यावर १००० चा हलका हात.

एक गोष्ट आधी ठरवून टाका. जुन्या शेलवर मूळ बारीक खरखरीत पोत असतो. पहिल्या गेमबॉयवर किंवा सुपर निंटेंडोवर तो स्पष्ट दिसतो. तो एकदा घासला की परत येत नाही. पोत ठेवायचा असेल तर पेपर न लावता नायलॉनच्या घासणीने हलकं घासा, अस्तर विरळ मारा आणि वर मॅट किंवा सॅटिन (मॅट आणि चकचकीत यांच्या मधलं) क्लिअर द्या. पोत गेलेला अर्धा भाग आणि राहिलेला अर्धा भाग कितीही रंग चढवला तरी वेगळे दिसतात.

रंगात गोल-गोल खड्डे पडले. रंग खराब होता का?

बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो, शेलवर तेल असतं. पेंटर याला फिश आय म्हणतात. जुना माल विकणारे वस्तू चमकावी म्हणून डॅशबोर्ड पॉलिश मारतात, त्यात सिलिकोन असतं आणि सिलिकोनवरून रंग बाजूला सरतो. केसांना लावलेलं खोबरेल तेल हातावरून शेलवर जातं. नव्या आफ्टरमार्केट (मूळ कंपनीऐवजी इतरांनी बनवलेल्या) शेलवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेलं रसायन असतं. उपाय सगळ्याला एकच: भांड्याचा साबण आणि कोमट पाणी, जुन्या टूथब्रशने सगळे कोपरे, मग भरपूर साधं पाणी. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, सहज मिळतं. त्यानंतर शेलला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. आणि घासण्याच्या *आधी* धुवा. नाहीतर पेपर तेच तेल ओरखड्यांत भरून ठेवतो.

एनसी थिनरने पुसू नका. एबीएस विरघळतं.

शेल पिवळं पडलंय. आधी पांढरं करून घ्यावं लागेल?

रंगवणारच असाल तर नाही. पिवळेपणा प्रकाश आणि ऑक्सिजनमुळे एबीएसमध्ये होणाऱ्या बदलांतून येतो, आणि आग लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचाही त्यात वाटा मानला जातो. म्हणून सुपर निंटेंडोचा वरचा अर्धा भाग पिवळा आणि खालचा राखाडीच, असं दृश्य दिसतं. दोन भागांच्या प्लॅस्टिकचा घाणा वेगळा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने ते उजळवणारी रेट्रोब्राइटची पद्धत आहे, पण अस्तराखाली तो रंग दिसणारच नाही. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक ठिसूळही झालेलं असू शकतं, तेव्हा क्लिपा उघडताना जपा.

कंट्रोलरवरचं रबरी कोटिंग चिकट झालंय. त्यावरच रंग मारू?

अजिबात नको. तो मऊ थर दमट हवेत हळूहळू कुजतो, आणि त्यावर मारलेला प्रत्येक थर त्याच्यासह सुटेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि खायच्या सोड्याची पेस्ट लावून घासा, तो थर पूर्ण काढा आणि खालचं टणक प्लॅस्टिक लागलं की पुढचं काम.

पावसाळ्यात रंगवलं तर काय होतं?

आपल्याकडचे सर्वाधिक बिघडलेले कन्सोल जून ते सप्टेंबरमधले असतात, असं मला वाटतं. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं. चकचकीत काळा राखाडी-पांढरट दिसू लागतो. याला ब्लशिंग म्हणतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. रंगासाठी ती ६५-७० च्या खाली असावी. घड्याळासह येणारा छोटा आर्द्रतामापक थोड्या पैशांत मिळतो, तो घ्या.

पांढरट झालंच तर घाबरून वर दुसरा हात मारू नका. कोरड्या दिवसाची वाट पाहा आणि मग त्याच लॅकरचा अगदी विरळ हात द्या. बरेचदा अडकलेलं बाष्प निघून जातं.

महाराष्ट्रात रंगकामाला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुणे, नाशिक, नागपूरकडे हवा कोरडी, ऊन मवाळ. फक्त थंडीच्या पहाटे कॅनमधला दाब कमी पडतो आणि रंग थेंब-थेंब थुंकतो. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. कोमटच. डब्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात तो फुटू शकतो.

एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी. थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा कोरडा होतो. सकाळी लवकर मारा. आणि ‘लवकर वाळेल’ म्हणून गच्चीत कडक उन्हात ठेवू नका. वरची साय आधी सुकते, आतलं सॉल्व्हंट अडकतं, बुडबुडे येतात. गडद रंगाचे पातळ भाग तापून वाकडेही होऊ शकतात.

टू-के क्लिअरसाठी मास्क कोणता? एन९५ आहे घरात.

एन९५ कणांसाठी आहे, सॉल्व्हंटच्या वाफा त्यातून सरळ आत जातात. साध्या लॅकरलाही सेंद्रिय वाफा अडवणारी कार्ट्रिजं आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला रबरी मास्क हवा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे: एकदा शरीराला त्यांची अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी कमी प्रमाणातही दम्याचे झटके येऊ शकतात, आणि ती अ‍ॅलर्जी सहसा जात नाही. त्यांचा वास मर्यादेपलीकडे गेल्यावरच येतो, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे ठीक’ हा हिशोब इथे खोटा ठरतो. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारे मास्क वापरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: फ्लॅटच्या गॅलरीत टू-के मारू नका. शेजारचं बाळ, वरच्या मजल्यावरचे आजोबा तीच हवा घेत असतात. रंग घरी करा आणि क्लिअरसाठी शेल पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये न्या. एखाद्या गाडीला क्लिअर मारतानाच तुमच्या दोन तुकड्यांवर हात फिरवायला ते सहसा तयार होतात. ‘प्लॅस्टिक आहे, बेक करू नका’ एवढं मात्र आवर्जून सांगा, कारण गाडीसाठी भट्टी तापवली तर शेल वाकू शकतं.

आणि कोणताही स्प्रे असो, आत भरलेला वायू ज्वलनशील असतो. देवघरातली समई, उदबत्ती, गॅस, गीझरचा पायलट, काहीही पेटतं जवळ नको.

मॅट, सॅटिन की ग्लॉस?

हँडहेल्ड आणि कंट्रोलरला सॅटिन. मॅटवर अंगठा जिथे घासतो तिथे महिन्याभरात चकाकणारे डाग पडतात आणि ते पुसता येत नाहीत. ग्लॉसवर बोटांचे ठसे दिसतात, पण तो पॉलिश करून पुन्हा नवा करता येतो, म्हणून टीव्हीखालच्या कन्सोलला ग्लॉस उत्तम. क्लिअरला ऑरेंज पील आलं, म्हणजे वरचा थर उंचसखल राहिला, तर पूर्ण कडक झाल्यावर २००० च्या वॉटर पेपरने घासून रबिंग कंपाउंड लावा. मॅटला ही सोय नाही.

बटणांना कोणता रंग?

कोणताच नाही. बटण आणि त्याच्या भोकामधली फट इतकी कमी असते की दोन-तीन थरांनी बटण अडकतं. न अडकलं तरी रोज दाबून रंग कडांवरून उडतो. रंगीत बटणं विकत मिळतात, ती घ्या. स्वतःच करायचं असेल तर पांढरी किंवा पारदर्शक बटणं पॉलिएस्टरला लावतात त्या डिस्पर्स डायमध्ये रंगवता येतात. गरम पाण्यात, उकळी न येऊ देता, अधूनमधून काढून पाहत. रंग प्लॅस्टिकमध्ये मुरतो, जाडी वाढत नाही. फिकटावरून गडद करता येतं, गडदावरून फिकट नाही.

अ‍ॅनालॉग स्टिकचे दांडे, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपीची बिजागरी, निंटेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या सरकत्या पट्ट्या: जिथे भागावर भाग घासतो तिथे टेप लावून झाका. बिजागरीत उडालेल्या रंगाची भुकटी पुढे बटणांत शिरते.

पारदर्शक शेल आहे. त्याची पारदर्शकता ठेवून रंग देता येईल?

येईल, आणि फार देखणं दिसतं. पारदर्शक शाई-रंग आतल्या बाजूने मारायचा, म्हणजे बाहेरून मूळ प्लॅस्टिकचीच चमक राहते आणि हाताने रंग झिजण्याचा प्रश्नच मिटतो. आतून मारताना क्रम उलटा: नक्षी आणि अक्षरं आधी, पार्श्वभूमी शेवटी. सॉल्व्हंट सौम्य निवडा, कारण अशा शेलमध्ये पॉलिकार्बोनेट असण्याची शक्यता जास्त. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यावर एक दिवस आधी चाचणी घ्या.

कन्सोल तापतो. उष्णतारोधक रंग घेऊ का?

नको. सायलेन्सरचे रंग पूर्ण कडक व्हायला जे तापमान मागतात, त्यात एबीएस वितळून जाईल. बाहेरच्या शेलचं तापमान साध्या लॅकरला सहज झेपतं. काळजी हवा जाण्याच्या जाळ्यांची घ्या, त्या रंगाने बुजल्या की आतला बोर्ड खरंच तापेल.

मेटॅलिक रंगाने वाय-फाय कमी होतं?

साध्या मेटॅलिक शेडचे एक-दोन हात सहसा अडचण करत नाहीत. खऱ्या धातूचा सलग थर देणारे क्रोम रंग अँटेनाजवळ टाळावेत. क्रोम तसंही हातात टिकत नाही, आणि क्लिअर मारलं की आरसा जाऊन साधी चांदी उरते. काही शेलच्या आत मुळातच राखाडी धातुयुक्त लेप असतो. तो विद्युतचुंबकीय व्यत्यय रोखण्यासाठी आहे, खरवडू नका. रिमोटचा सिग्नल घेणारी काळी खिडकी मात्र रंगली की रिमोट बंद, मग शेड कोणतीही असो.

न उघडता, टेप लावून रंगवता येईल?

येईल, पण करू नका. फटींतून रंग आत जातो, दोन भाग एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या वेळी उघडताना कडा फाटते. योग्य पेचकस स्वस्त आहेत: निंटेंडो ६४ आणि गेमक्यूबला ४.५ मिमी गेमबिट, गेमच्या कार्ट्रिजना ३.८ मिमी, गेमबॉयला तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग, पहिल्या एक्सबॉक्सला टॉर्क्स टी२० आणि टी१०, प्लेस्टेशन २ ला साधा फुलीचा. जुन्या टीव्हीत असते तशी पिक्चर ट्यूब यांत नाही, पण वीज थेट आत घेणाऱ्या कन्सोलच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारलेले राहतात. तो भाग उघडू नका. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिचाही विचार करा.

मग पहिल्यांदाच करणाऱ्याने सुरुवात कशावर करावी?

जो भाग पेचकस न लावता निघतो, त्यावर. प्लेस्टेशन ५ चे बाजूचे पॅनेल सरकवून निघतात, आणि सोनीच २०२२ पासून त्यांचे रंगीत पर्याय विकते. पहिल्या प्लेस्टेशन ४ च्या हार्ड डिस्कवरचं चकचकीत झाकण तसंच निघतं. सुरुवातीच्या एक्सबॉक्स ३६० चा पुढचा मुखवटा तर बदलण्यासाठीच बनवलेला होता. त्याआधी मोडलेल्या कंट्रोलरचं शेल घेऊन त्यावर पूर्ण क्रम करून पाहा: धुणं, घासणं, अस्तर, रंग, क्लिअर.

आठवड्याने त्याच्यावर ब्लेडने छोट्या चौकटी आखा, टेप घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगाच्या कारखान्यांतही पकड अशाच क्रॉस-कट चाचणीने तपासतात. चौकटी जागेवर राहिल्या तर तुमची जुळवणी बरोबर. निघून आल्या तर बिघाड कोणत्या थरात आहे ते तुटलेल्या तुकड्याच्या मागची बाजू सांगते: मागे अस्तर दिसलं तर धुण्याघासण्यात कमी पडलात, फक्त रंग दिसला तर अस्तर आणि रंगाचं जमलेलं नाही.

माझ्याकडे जुना, मूळ स्थितीतला कन्सोल आहे. रंगवू?

मूळ शेल रंगवू नका. १९८९ चा राखाडी गेमबॉय किंवा १९९५ च्या ‘प्ले इट लाउड’ मालिकेतला रंगीत गेमबॉय चांगल्या स्थितीत उरला असेल, तर तो ठेवा. नवं आफ्टरमार्केट शेल घ्या, ते रंगवा, बोर्ड त्यात बसवा आणि मूळ शेल स्क्रूसकट पिशवीत भरून नाव लिहून ठेवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले निंटेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलच्या नकलेचे संच मात्र मनमोकळेपणाने रंगवा. त्यांचं मोल आठवणीत आहे, आणि आवडीचा रंग चढला म्हणून आठवण कमी होत नाही.

लोगो आणि अक्षरं पुन्हा कशी आणायची?

रंगवण्याआधी लोगोचा सरळ समोरून फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून, म्हणजे माप कळेल. गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारा रेडियमवाला त्यावरून स्टिकर कापून देतो. स्टिकर रंगाच्या वर आणि क्लिअरच्या खाली लावायचा. त्याच स्टिकरची कापून उरलेली चौकट मास्क म्हणून वापरली तर अक्षरं थेट फवारता येतात, आणि ती जास्त टिकतात. मागचं सीरियल नंबरचं लेबल झाकायला विसरू नका.

बिघडलेला रंग काढायचा कसा?

ताजं अ‍ॅक्रिलिक असेल तर तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एबीएसचा तुकडा काही तास बुडवा आणि टूथब्रशने घासा. पॉलिकार्बोनेट फार वेळ बुडवू नका. टू-के याने निघत नाही, ते घासूनच काढावं लागतं. थिनर, अ‍ॅसिटोन, पेंट रिमूव्हर यांना हात लावू नका, रंगाबरोबर शेलही जातं.

रंग हाताला सुका लागतोय. आज जोडून खेळू का?

नाही. लॅकर वीस मिनिटांत हाताला सुकतं, पण नख उमटणार नाही इतकं कडक व्हायला आठवडा लागतो. इनॅमलला त्याहून जास्त, आणि दमट हवेत आणखी जास्त. नखाची खूण आतल्या बाजूला करून पाहा, किंवा नाक जवळ नेऊन वास घ्या: वास येतोय तोवर सॉल्व्हंट बाहेर पडतंय. जोडताना स्क्रूच्या भोकांतला आणि दोन भाग जिथे मिळतात त्या कडेवरचा रंग ब्लेडने आधी खरवडा, नाहीतर शिवण उघडी राहते. स्क्रू हाताने उलटे फिरवत जुनी आटी सापडू द्या, ‘टक’ असं बसलं की मग आवळा, आणि तेही बेताने. सगळ्यात शेवटी बॅटरीचं झाकण. त्याची क्लिप सगळ्यात पातळ असते, म्हणून तिच्यावर रंग मुळातच टेप लावून चुकवलेला बरा.